दुपंखी कोणी पाडलं?

अरविंद, तुझ्या तेराव्याला मी जेवलो नाही. ही बातमी तुला कोणीतरी पोचवेलच, आपल्याकडे बातम्या कुठेही पोचतात, म्हणून आधी मीच सांगतो. वहिनींना म्हटलं, साखर वाढलीय. मग तुझ्या वाडीत विहिरीच्या कठड्यावर बसलो आणि पंगतीतलं कोण कोण माझ्याकडे बघतंय ते बघत राहिलो. सगळेच बघत होते. निदान मला तसं वाटलं. आठ महिने तुझ्याशी एक शब्द बोललो नाही आणि आता पांढरा सदरा घालून आलोय, असं जो तो मनात म्हणत असणार. तू फोटोत हार घालून हसत होतास. फोटो मैदानावरचा. तुझ्या खांद्यावर कोणाचा तरी अर्धा हात दिसतो, बाकीचा माणूस कापलाय. तो हात माझा. मला कापायला कोणी सांगितलं असेल, याचाही विचार मी तिथे बसल्या बसल्या केला.

काय करणार, संशय घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. कारखान्यात मी तपासणी खात्यात. दुसऱ्याने 'ठीक आहे' म्हटलेली वस्तू उलटसुलट करून बघायची आणि तिच्यात खोट काढायची, याचाच पगार घेतला. निवृत्त झालो तरी ती खोड गेली नाही. आठवतं ना, मैदानावर पोलीस आले होते, ही कसली विमानं उडवता म्हणून विचारायला? मी दोन महिने हिरामणवर डूख धरला. जागा त्याची, मिठागर बंद पडल्यावर ती आपल्याला उडवायला दिली त्यानेच, आणि मी म्हणे त्यानेच तक्रार केली असणार. शेवटी निघालं काय, तर मीच परवानगीसाठी अर्ज टाकला होता आणि त्याचीच चौकशी करायला ते आले होते. तू इतका हसलास की तुला ठसका लागला. त्यानंतर तू मला चारचौघांत 'इन्स्पेक्टर' म्हणायला लागलास, आणि मला ते आवडायचं, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मला त्या मैदानावर आणलंस तूच. मालती गेली आणि मी विधुर झालो त्या वर्षी. मी घरात बसून दूधवाल्याशी, पेपरवाल्याशी, केबलवाल्याशी भांडणं उकरून काढत होतो. एका रविवारी सकाळी तू स्कूटर घेऊन दारात उभा. चल म्हणालास, कुठे ते विचारू नकोस. रेवसच्या रस्त्याला लागल्यावर मला वाटलं, धक्क्यावर नेऊन लाँचमध्ये बसवतोय की काय. तर तू खाडीच्या बाजूला वळवलीस. समोर ते सपाट, कडक, पांढुरकं मिठागर, भोवताली बांध, आणि मध्ये सात-आठ कर्तेसवरते पुरुष मान वर करून आकाशात बघत उभे. शाळेत पोरांना फिजिक्स शिकवायचास, तसंच मलाही शिकवलंस. थर्माकोलचं हिरवं विमान, आपला पोपट, तो तू मला दिलेला. त्या दिवसापासून दूधवाला सुखी झाला.

मी काय दिलं क्लबला? नियम. तुम्ही सगळे हौशी, नुसते उडवत सुटायचात. मी म्हटलं, आपलं विमान आपण तपासायचं नाही. आपल्या वस्तूतली चूक आपल्याला दिसत नाही, हे मी उभी नोकरी बघितलंय. म्हणून दुसरे डोळे. विमानाचा मालक मागे रेडिओ घेऊन उभा राहणार, रेडिओ म्हणजे विमान लांबून चालवायची आपली ती दोन दांड्यांची पेटी, आणि दुसरा माणूस विमानाशी उकिडवा बसणार. तो म्हणणार 'डावं', मालक दांडी डावीकडे नेणार, पंखाच्या कडेची पट्टी बरोबर हलते का ते दुसरा बघणार. उजवं, वर, खाली. सगळं झालं की तो उठून मालकाच्या खांद्यावर थाप मारणार, मगच उड्डाण. माझे दुसरे डोळे तू, तुझे मी. एवढी वर्षं.

दुसरा नियमही माझाच. एका रेडिओत दहा विमानांच्या नोंदी ठेवता येतात. आज जे उडवायचं त्याचं नाव पडद्यावर निवडायचं. प्रत्येक विमानाची जोडणी वेगळी, त्यामुळे एकाच्या नोंदीवर दुसरं उडवलं तर दांडी डावीकडे नेल्यावर विमान उजवीकडे जायचं, आणि माणूस गोंधळून ते अजूनच आडवं करणार. अशी चूक जो करेल त्याने पुढचा अख्खा हंगाम तारेवर उडवायचं. म्हणजे दोन रेडिओ तारेने जोडायचे, दुसरा जाणत्याच्या हातात, जरा काही वाटलं की तो सूत्रं काढून घेणार. शिकाऊ पोरासारखं. आपले अफजल डॉक्टर, एवढे नावाजलेले दातांचे डॉक्टर, त्यांच्याकडून ही चूक झाली तेव्हा मी त्यांना हंगामभर तारेवर ठेवलं. तू म्हणालास, जाऊ दे रे, एक रविवार पुरे. मी ऐकलं नाही. नियम म्हणजे नियम.

मग ते माझं दुपंखी, एकावर एक दोन पंखांचं विमान. दोन पावसाळे घरात बसून बाल्साच्या काड्या जोडल्या, कागद ताणला, रंग दिला. माघात उडवायचं ठरलं. त्याच्या पंधरा दिवस आधी तू माझ्याकडे चहाला आलास आणि विषय काढलास. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, मला अक्षरं ओळखू येत नाहीत, हे तुझ्या लक्षात आलंय म्हणालास. ऑपरेशन होईपर्यंत तारेवर उडव, दुसरा रेडिओ मी धरतो. मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच म्हणतो की तू चहा अर्धा ठेवून उठलास. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. म्हटलं, याला मला मैदानावरून घालवायचंय.

खरं तर तुझं बरोबर होतं. उन्हात त्या पडद्यावरची अक्षरं मला दिसत नव्हती. मी बटणाच्या टिचक्या मोजायचो. खाली दोन टिचक्या, मग दाबून धरायचं, की झालं दुपंखी. हे गुपित मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी तू तपासलंस. डावं, उजवं, वर, खाली. खांद्यावर थाप मारलीस. मग वारा जरा फिरल्यासारखा वाटला, म्हणून तूच सुचवलंस, आधी पोपट सोडून वारा बघू. मी पोपट उडवला, उतरवला. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला बकऱ्या शिरल्या आणि तू त्यांना हाकलायला गेलास. मी टिचक्या मोजल्या, बटण दाबलं आणि दुपंखी सोडलं. जमिनीवरून उठलं आणि लगेच डावा पंख टाकला. मी दांडी उजवीकडे नेली, ते अजून डावीकडे झुकलं. मी अजून उजवीकडे नेली. पुढचं सगळ्यांनी बघितलं.

मी पेटी टेबलावर टाकून धावलो. हिरामण माझ्याबरोबर. तू लांबून आलास, आधी टेबलाशी थांबलास, मग आमच्याकडे. मी तुकड्यांमध्ये उकिडवा बसलो होतो. मी म्हटलं, पट्ट्या उलट्या होत्या, अरविंद, तू तपासलं होतंस. आणि तू म्हणालास,

"हो. माझ्याच नजरेतून सुटलं."

इथेच मला पाणी मुरताना दिसलं! चहा गरम आहे की कोमट यावर तू माझ्याशी अर्धा तास वाद घालायचास. वारा नैऋत्येचा की पश्चिमेचा यावर आपण दोन रविवार अबोला धरला होता. आणि दोन वर्षांचं काम मातीत गेल्याचा आरोप तू एका वाक्यात कबूल करतोस? इतक्या चटकन कबूल होणारा माणूस काहीतरी मोठं लपवतोय, हे मला नोकरीने शिकवलं होतं. म्हणजे नजरेतून सुटलं नाही. तू बघितलंस, तुला दिसलं आणि तू जाऊ दिलंस. मी खचावं, उडवणं सोडावं म्हणून. डॉक्टरांनी अपघातांच्या वहीत लिहिलं, 'तपासणाऱ्याची चूक', आणि तू खाली सही केलीस. मी तेव्हाच ठरवलं, या माणसाशी संपलं.

माघापासून वैशाखापर्यंत दर रविवारी मी मैदानावर येत राहिलो, पोपट उडवत राहिलो. माझी विमानं डॉक्टर तपासायचे. तू मात्र उडवणं थांबवलंस. यायचास, आणि पलीकडच्या बांधावर एकटाच उभा राहायचास, हात मागे बांधून. मला वाटायचं, वाट बघतोय हा. माझा पोपटही पडायची वाट बघतोय. मी मुद्दाम तुझ्या डोक्यावरून न्यायचो आणि तुझ्याकडे बघायचो. तू मान वर करून बघत राहायचास. पावसात मैदान बुडालं. गणपतीला तू निरोप पाठवलास, दर्शनाला ये. मी गेलो नाही. विसर्जनानंतर चार दिवसांत तू गेलास. वाडीत, नारळाखाली, सकाळची दहाची वेळ. हिरामणने फोन केला तेव्हा, देवाशपथ सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता तुझ्याकडून खरं कधीच कळणार नाही.

दिवाळीनंतर वहिनींनी तुझं ग्लायडर पाठवलं. मैदान वाळलं होतं, पहिल्या रविवारी तुझ्या आठवणीसाठी ते उडवायचं असं क्लबात ठरलं, आणि वहिनींनी सांगितलं म्हणे, शरदभाऊजींनीच उडवावं. मला तेही खटकलं. मीच का? काय साधायचंय? पण नाही म्हणवेना. ग्लायडरची नोंद करायची म्हणून माझा रेडिओ कपाटातून काढला. त्या दिवसापासून त्याला हात लावला नव्हता. पोपट मी डॉक्टरांच्या जुन्या रेडिओवर उडवत होतो, या पेटीकडे बघवत नव्हतं मला. सकाळी गॅलरीत बसलो, भिंग घेतलं, पेटी चालू केली. या पेट्या शेवटी जे विमान उडवलं त्याच नावावर उघडतात. पडद्यावर पोपट.

मी भिंग पुसलं. पोपटच.

सांगू, मी काय केलं? मी तुझ्यावरच संशय घेतला. मेलेल्या माणसावर. मी तुकड्यांकडे धावलो तेव्हा पेटी टेबलावर होती आणि तू तिथे थांबला होतास. तूच नाव बदलून ठेवलं असणार, पुढेमागे माझ्यावर ढकलता यावं म्हणून. ही गोष्ट मनात इतकी चपखल बसली की मला हायसं वाटलं. मग चहा घेतला. चहा घेता घेता लक्षात आलं, की याचा पुरावा माझ्या माळ्यावर पडलाय.

दुपंखीचे तुकडे मी गोणपाटात बांधून ठेवले होते. डावा पंख तारेने धडाला लटकत होता, आतल्या मोटरी शाबूत होत्या. नवी बॅटरी लावली. पडद्यावर दुपंखीचं नाव निवडलं, भिंगाने दोनदा वाचलं, दांडी डावीकडे नेली. पट्टी वर गेली. बरोबर. उजवीकडे नेली, खाली. बरोबर. जोडणीत काडीचीही चूक नव्हती. तुझ्या नजरेतून काहीही सुटलं नव्हतं. मग पोपटाच्या नोंदीवर टाकलं. दांडी डावीकडे नेली आणि पट्टी खाली गेली. त्या रविवारी माझ्याकडून बटण पुरतं दाबून धरलं गेलं नव्हतं, नाव पोपटाचंच राहिलं होतं.

पाच वेळा केलं. नियमाप्रमाणे तीन पुरे असतात. पाचव्यांदा मला पट्टी दिसेना, डोळे भरून आले होते. नोकरीत कबुलीजबाब मिळाला तरी मी माल तपासल्याशिवाय सही करत नसे. आणि तुझ्या कबुलीवर विसंबून नऊ महिने मी ते गोणपाट सोडलं नाही. सोडणार नाही, हे तू ओळखून होतास. माझ्यापेक्षा तू मला जास्त ओळखत होतास, आणि याचा मला आजही राग येतो.

तसाच उठून तुझ्या घरी गेलो. वहिनी सुपाऱ्या सोलत होत्या. मी उभ्यानेच विचारलं, अरविंदला माहीत होतं का. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही.

"पेटी बघितली होती ना त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, मग सांगा भाऊजींना. तर म्हणाले, त्याने स्वतः केलेला नियम आहे, तो तारेवर उभा राहायचा नाही, मैदानच सोडेल. आणि मग घरी बसून करेल काय? माझ्यावर रुसलाय, रुसू दे. रुसवा जातो."

त्यांनी माझ्यापुढे चहा ठेवला, तो मी प्यायलो. तुला सांगतो, त्या बाईने मला एक शब्द लागेल असा ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. निघताना फोटोकडे बघत मी हळूच विचारलं, हा कापला कोणी. म्हणाल्या, फोटोवाल्याने, चौकटीत मावत नव्हता.

पण अरविंद, मी अजून तुझ्यावर चिडलोय, हे ऐकून घे. तू कोण रे मला वाचवणारा? अर्धवट दिसणाऱ्या माणसाच्या हातात विमान राहू दिलंस तू, उद्या कोणाच्या डोक्यात पडलं असतं तर? मास्तर ना तू? एवढा कसा बेजबाबदार वागलास? रविवारी मैदानावर जाईपर्यंत हा प्रश्न माझ्या डोक्यात भुंग्यासारखा होता. त्याचं उत्तर हिरामणने दिलं, मी न विचारताच. आम्ही दोघं ग्लायडर टेबलावर मांडत होतो. तो म्हणाला, मास्तर नाहीत, आता पलीकडच्या बांधावर कोनाला तरी उभं करायला पायजे. मी विचारलं, कशाला.

"अवो काका, तुमाला म्हाईत न्हाय? तुमचा इमान त्या बाजूला वळायचा ना, म्हनून ते थितं उभे रायचे. बाया माशांच्या पाट्या घेऊन बांधावरून जातात, त्यांना थांबवायचे. पोपट खाली उतरला की मग सोडायचे. मला बोल्ले, शरदला सांगू नको, त्याला राग येल."

मी पलीकडच्या बांधाकडे बघितलं. माघापासून वैशाखापर्यंत, डोक्यावर ऊन घेऊन. आणि मी मुद्दाम तुझ्या डोक्यावरून विमान नेत होतो.

मग मी सगळ्यांना जवळ बोलावलं. भाषण मला जमत नाही, तुला माहीत आहे. पेटी, टिचक्या, गोणपाट, डोळे, सगळं सांगितलं. अफजल डॉक्टरांकडून वही घेतली, 'तपासणाऱ्याची चूक' यावर रेघ मारली आणि लिहिलं, 'उडवणाऱ्याची चूक, चुकीची नोंद', आणि खाली माझं नाव. तुझी सही तशीच ठेवली. डॉक्टर म्हणाले, काका, झालं ते झालं, नियम राहू द्या. मी म्हटलं, तुम्हाला मी सोडलं होतं का? ऑपरेशनची तारीख घेतलीय. तोवर रेडिओला हात नाही, आणि त्यानंतर हंगामभर तारेवर. दुसरा रेडिओ तुम्ही धरायचा. ते हो म्हणाले. डोळे पुसत होते की चष्मा, ते मला नीट दिसलं नाही.

तुझं ग्लायडर डॉक्टरांनी उडवायचं ठरलं. मी उकिडवा बसून तपासलं, अगदी नाकाशी नेऊन. डावं, उजवं, वर, खाली. खांद्यावर थाप मारली. मग हिरामणने विचारलं, बांधावर कोण जातो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा मी चालायला लागलो.

तिथे उभा राहिलो. दोन बाया पाट्या घेऊन आल्या, त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या, मास्तर कुटं गेले. मी सांगितलं. मग तिघांनी वर बघितलं. ग्लायडर बराच वेळ वर होतं म्हणतात. मी खाली टेबलाकडे बघत होतो. त्या अंतरावरून मला डॉक्टरांचा चेहरा धूसर दिसत होता. तुझे डोळे चांगले होते. तुला माझा चेहरा स्पष्ट दिसत असणार, दर रविवारी, मी तुझ्याकडे कसा बघायचो ते.